परत पाठवा

छापखान्यात त्यांना सगळे अनुस्वार म्हणत. तोंडावर नव्हे, पण फार लांब जाऊनही नव्हे. छापायला जाणारा मजकूर वाचायचा आणि त्यातल्या चुका लाल पेनाने दाखवायच्या हे त्यांचं काम, आणि ते त्यांनी डोळ्यांत तेल घालून केलं. शब्दावरचं एखादं टिंब राहून गेल्याचं घरी आल्यावर आठवलं, तर त्यांना जेवण गोड लागत नसे. त्यांच्या हाताखालून औषधांची माहितीपत्रकं गेली, भूगोलाची पुस्तकं गेली, एका मोठ्या माणसाचं आत्मचरित्र गेलं. त्या आत्मचरित्रात थापा किती आहेत हे अनुस्वारांना पानोपानी कळत होतं. पण थापा शुद्ध होत्या, आणि बाकीचं त्यांच्या खात्यात येत नव्हतं.

निवृत्त होताना लोक भिंतीवरचं घड्याळ घेऊन घरी येतात. अनुस्वार लाल पेन घेऊन आले. बायकोला त्याचं काही नवल वाटलं नाही. तिच्या मते ते पेन लग्नापासून घरातच होतं.

बायको पडदे शिवायची, अजूनही शिवते. खिडक्यांची मापं घ्यायला तिला घरोघर जावं लागतं, आणि माप घेणाऱ्या बाईसमोर लोक काय काय बोलतात याला सुमार नाही. संसाराच्या सुरुवातीला ती असं काही ऐकून आली, की चपला काढता काढताच सांगायला लागे.

“अहो, आज त्या कोपऱ्यावरच्या बाई मला बोलल्या की—”

“म्हणाल्या.”

“हां, म्हणाल्या, की त्यांची हरवलेली अंगठी भेटली—”

“सापडली. भेटायला ती काय ओळखीची होती?”

“सापडली. तर ती कुठे भेटली असेल—”

“सापडली असेल.”

“जाऊ दे,” बायको म्हणे, आणि हातपाय धुवायला जाई. अंगठी कुठे सापडली ते अनुस्वारांना आजतागायत माहीत नाही.

ती रुसलीबिसली नाही. तो तिचा स्वभावच नव्हे. जो माल खपत नाही तो दुकानदार हळूहळू ठेवेनासा होतो, तसं तिने केलं. शेवटी घरात मोजकी वाक्यं उरली. जेवायला वाढलंय. दार ओढून घ्या. गोळी घेतलीत का. ही वाक्यं रोजच्या वापराने इतकी घासूनपुसून लख्ख झाली होती, की त्यांत काढायला चूकच नव्हती. अनुस्वारांना मनापासून वाटत होतं, की आपल्या सहवासात बायकोची भाषा सुधारली.

मुलगा नोकरीसाठी दुसऱ्या गावी होता. त्याचाही अनुभव काही वेगळा नव्हता. ‘आई कशी अहे’ असं त्याने मोबाइलवर घाईघाईत लिहून पाठवलं, की वडिलांचं उत्तर येई, ‘आहे’. आई आहे, एवढ्यावर तो समाधान मानून घेई. पण वडील निवृत्त झाले तेव्हा तो धास्तावला. आता दिवसभर ती दोघं एका घरात, आणि मध्ये ते पेन. सुट्टीत आला तेव्हा त्याने आपलं खेळांचं जुनं मशीन बरोबर आणलं, टीव्हीला जोडलं, दोन कंट्रोलर टेबलावर ठेवले आणि वडिलांना एका कंपनीचं सभासद करून टाकलं.

“दर महिन्याला पोस्टाने एक गेमची डिस्क येईल,” त्याने समजावलं. “खेळायची. महिना झाला की सोबतच्या पाकिटात घालून पोस्टात टाकायची. मग पुढची येते. लायब्ररीसारखं आहे, बाबा.”

“लायब्ररीत उठून जावं लागतं.”

“म्हणून तर हे घेतलं.”

“आणि ‘एक गेमची डिस्क’ नव्हे. ‘गेमची एक डिस्क’.”

“हो,” मुलगा म्हणाला, आणि सकाळच्या गाडीने गेला.

पहिलं पाकीट आलं. आत कागदी खोळीत डिस्क होती, पत्ता छापलेलं रिकामं पाकीट होतं आणि एक चिठ्ठी होती. गेमचं नाव ‘सामान हलवा’. त्यात दोन हमाल, एक जाडा आणि एक काटकुळा. लोकांची घरं रिकामी करायची, एवढीच कामगिरी. प्रत्येक वस्तू दोघांनी दोन टोकांना धरायची, दारातून काढायची, जिन्यावरून उतरवायची आणि खाली ट्रकमध्ये ठेवायची. एकट्याने कोणाला काही उचलता येत नाही. उशीसुद्धा नाही. का, ते गेम बनवणाऱ्यांना विचारा.

डिस्क बरेच दिवस टेबलावर पडून होती. मुलाने फोनवर खोदून खोदून विचारलं, तेव्हा त्याच्या तोंडाला लगाम म्हणून एका संध्याकाळी दोघं टीव्हीसमोर बसली. बायकोने जाडा घेतला. “मला वजन उचलायची सवय आहे,” एवढंच ती म्हणाली. कापडाचे तागे खांद्यावरून आणणाऱ्या बाईशी यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता.

पहिली वस्तू सोफा. तो दारापर्यंत नीट आला आणि तिथे घोडं पेंड खायला लागलं.

“अहो, तुमचं ते हे जरा वर घ्या,” बायको म्हणाली.

“ते हे म्हणजे काय? नाव सांग.”

बायको नाव शोधेपर्यंत सोफा निसटला, घरंगळत मागे गेला आणि खिडकीतून खाली पडला. काच फुटल्याचा आवाज आला. खाली कोणाची तरी मोटार उभी होती, तिचाही आला.

दुसऱ्या खेपेला ती म्हणाली, “आता त्या ह्याच्या बाजूने असं करा.” अनुस्वारांनी ‘कशाच्या’ विचारायला तोंड उघडलं, आणि ते मिटेपर्यंत सोफा पुन्हा मोटारीवर होता. तिसऱ्या खेपेला ती जे म्हणाली ते लिहिण्यासारखं नव्हतं. त्यात नुसते ‘हे’ आणि ‘ते’ होते, क्रियापदाचा पत्ता नव्हता. अनुस्वारांनी काही विचारलं नाही. काटकुळ्याने आपलं टोक वर घेतलं, तिरकं केलं, तो जरा मागे सरला, आणि सोफा अलगद दाराबाहेर आला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि लगेच टीव्हीकडे पाहिलं.

तिथून गाडी सुरू झाली. रोज संध्याकाळी चहाचे कप विसळून झाले, की बायको पदराला हात पुसत सोफ्यावर येऊन बसे, म्हणजे घरातल्या सोफ्यावर, आणि दोघं मिळून कोणाचं तरी घर रिकामं करत. जिना आला की ती पुढे असे. “पायरी भेटली, उतरा,” ती म्हणे. पायऱ्या भेटत नाहीत, लागतात, हे अनुस्वारांच्या अगदी जिभेवर येई. पण कपाटाचं सगळं वजन त्यांच्या बाजूला आलेलं असे, आणि त्या क्षणी जीभ सोडली तर हातही सुटतील अशी त्यांना भीती वाटे. दोन्ही हात गुंतलेले असले की नवऱ्याला दुरुस्ती सुचत नाही, हा शोध बायकोला फार लवकर लागला. ती खेळता खेळता बोलायला लागली.

“असाच जिना होता त्या दातांच्या डॉक्टरांकडे,” पलंग उतरवता उतरवता ती सांगे. “गोल. मी वर गेली तर ते डॉक्टर स्वतःच गाल धरून बसलेले. जरा डावीकडे. तर मी बोलली, काय झालं. तर दात दुखतोय. म्हटलं, मग? तर बोलले, मला भीती वाटते दुसऱ्या डॉक्टरची. अहो, भिंतीला घासतंय. आता सरळ.”

अनुस्वार पलंग सरळ करत, आणि डॉक्टरचं पुढे काय झालं ते त्यांना शेवटपर्यंत ऐकायला मिळे. एवढ्या वर्षांत आपल्या बायकोने काय काय पाहिलंय याची त्यांना कल्पनाच नव्हती. ती इतकी गमतीशीर बाई आहे हे त्यांना नव्यानेच कळत होतं. सकाळी दाढी करताना ते संध्याकाळची वाट पाहायला लागले. अनुस्वारांना आनंद होत होता. ही गोष्ट त्यांनी स्वतःजवळही कबूल केली नाही, म्हणून ती इथे सांगून टाकलेली बरी.

महिना संपला. डिस्क पाठवायची वेळ आली आणि अनुस्वारांनी चिठ्ठी वाचायला घेतली. तिच्यावर दोन चौकोन होते. एकासमोर छापलं होतं ‘नवीन पाठवा’ आणि दुसऱ्यासमोर ‘परत पाठवा’. यांपैकी एकावर खूण करून चिठ्ठी डिस्कसोबत घालावी, अशी सूचना होती.

अनुस्वारांनी चष्मा वर सरकवला. ही चिठ्ठी लिहिणारा माणूस गाढव होता यात शंका नव्हती. डिस्क आपण परत पाठवणारच आहोत. न पाठवून सांगतो कोणाला. आणि ती परत पाठवली म्हणजे कंपनी नवीन पाठवणारच. मग या दोहोंत निवड कसली? त्यांनी बराच वेळ विचार केला. शेवटी, जे आपण खरोखर करत आहोत त्यावर खूण करणं प्रामाणिकपणाचं ठरेल, असं त्यांनी ठरवलं, आणि ‘परत पाठवा’वर खूण केली. पोस्टाची पेटी बाजाराच्या रस्त्यावर होती, म्हणून चिठ्ठी आत घालून पाकीट बंद करणं आणि पेटीत टाकणं हे काम बायकोकडे आलं.

अनुस्वारांना त्या दिवशी जरा उदास वाटत होतं. पुढच्या आठवड्यात पाकीट आलं, आणि आतून निघाला ‘सामान हलवा’.

“कंपनीकडे एकच गेम दिसतोय,” अनुस्वार म्हणाले.

“असू दे,” बायको म्हणाली, आणि मशीन सुरू केलं.

पुढच्या महिन्यात तेच. त्याच्या पुढच्या महिन्यातही तेच. अनुस्वार दर वेळी प्रामाणिकपणे परत पाठवत होते, आणि कंपनी, बिचारी गरीब असावी, दर वेळी तोच गेम पाठवत होती. या गरिबीबद्दल अनुस्वारांची काही तक्रार नव्हती. दरम्यान जाड्या आणि काटकुळ्याने अर्धं शहर रिकामं केलं. बायको आता दुपारी जेवतानाही काहीबाही सांगायला लागली होती, हातात कंट्रोलर नसताना. अनुस्वार अशा वेळी पाण्याचा पेला दोन्ही हातांनी धरून ठेवत.

आणि मग ते आरशाचं कपाट आलं. तीन मजले, गोल जिना, आणि पूर्ण उंचीचा आरसा लावलेलं कपाट. कित्येक दिवस ते दोघांना दाद देत नव्हतं. एका संध्याकाळी ते एकही ओरखडा न पडता खाली ट्रकमध्ये जाऊन बसलं. बायकोने कंट्रोलर खाली ठेवला आणि अनुस्वारांच्या पाठीवर थाप मारली. अशी थाप तिने यापूर्वी फक्त मुलाच्या पाठीवर मारली होती, तीही तो ठसकला म्हणून.

दुसऱ्या दिवशी पाकीट पाठवायचं होतं. अनुस्वार खुशीत होते. माणूस खुशीत असला की त्याला लोकांचं भलं करावंसं वाटतं. त्यांनी चिठ्ठी समोर घेतली, आणि त्यांना वाटलं, ही कंपनी आपल्याला एवढं देते, आपण तिला काय देतो? त्यांनी खिशातून लाल पेन काढलं. ‘परत’ हा शब्द एका सरळ रेघेने खोडला. त्याच्या डोक्यावर सुवाच्य अक्षरात ‘माघारी’ लिहिलं. समासात टीप दिली: ‘परत’ या शब्दाचे दोन अर्थ होतात, घोटाळा टळावा म्हणून बदल सुचवला आहे. मग नेहमीप्रमाणे खूण केली आणि चिठ्ठी शाई वाळायला टेबलावर ठेवली.

“झालं का? मी निघाले,” बायको पिशवी घेऊन आली. तिने चिठ्ठी उचलली. “हे लाल काय केलंत?”

“दुरुस्ती.”

बायको थोडा वेळ चिठ्ठीकडे पाहत राहिली. “बरं,” ती म्हणाली. चिठ्ठी पाकिटात घातली, पाकीट चिकटवलं आणि गेली.

त्या दुपारी ती जेवताना काही बोलली नाही. संध्याकाळी गेम नव्हताच. पुढच्या आठवड्यात पाकीट आलं. आत निराळीच डिस्क होती. समुद्रातलं एक बेट, त्यावर एक दिवा, आणि तो लावायला एक माणूस. अंधार पडला की दिवा लावायचा, उजाडलं की विझवायचा, मधल्या वेळात काचा पुसायच्या. अधूनमधून लांबून एखादं जहाज जायचं. ते थांबायचं नाही.

बायकोने कंट्रोलर हातात घेऊन पाहिला आणि खाली ठेवला. “एकट्याचंच आहे. तुम्ही खेळा.” ती स्वयंपाकघरात गेली. अनुस्वारांनी दिवा लावला, काचा पुसल्या आणि दिवा विझवला.

घरात पुन्हा ती जुनी वाक्यं आली. जेवायला वाढलंय. दार ओढून घ्या. अनुस्वारांना ती एके काळी पुरत होती, यावर आता त्यांचा विश्वास बसेना. काही दिवस त्यांनी कळ काढली, मग कंपनीला फोन लावला. तिकडे एक मुलगी बोलत होती.

“आम्हाला चुकीचा गेम आलाय,” अनुस्वार म्हणाले. “आम्हाला ‘सामान हलवा’ येतो.”

मुलीने सभासद क्रमांक विचारला, काहीतरी पाहिलं. “बरोबर आलाय, सर. इतके दिवस तुम्ही ‘परत पाठवा’वर खूण करत होता, म्हणून आम्ही तोच पाठवत होतो.”

“मी परत पाठवत होतो, म्हणून खूण करत होतो.”

“हो ना. तुम्ही सांगितलं परत पाठवा, आम्ही परत पाठवला.”

“मी सांगितलं नाही. मी पाठवला. परत.”

“आम्हीपण पाठवला, सर. परत.”

अनुस्वारांनी दोन्ही वाक्यं मनात तपासून पाहिली. दोन्ही शुद्ध होती. आता कुठे त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला, की त्या चौकोनाचा अर्थ ‘पुन्हा पाठवा’ असा होता, आणि गाढव कोण होतं हा प्रश्न नव्याने विचारात घ्यावा लागणार होता.

“या वेळी तुम्ही ते खोडून ‘माघारी’ लिहिलंत,” मुलगी सांगत होती, “म्हणजे आता नको असं समजून आम्ही पुढचा पाठवला. ती चिठ्ठी आम्ही इथे भिंतीवर लावलीये. साहेबांना टीप फार आवडली. नवीन चिठ्ठ्यांवर शब्द बदलायला सांगितलाय त्यांनी.”

अनुस्वारांची दुरुस्ती आयुष्यात पहिल्यांदा कोणी भिंतीवर लावली होती. त्यांना रडावंसं वाटलं, आणि ते अभिमानाने नव्हे.

“तो हमालांचा गेम परत पाठवा,” ते म्हणाले.

“कोणतं परत, सर?”

“पुन्हा. पुन्हा पाठवा.”

“तो दुसऱ्या सभासदांकडे गेलाय. जुना गेम आहे, त्यामुळे आमच्याकडे त्याची एकच प्रत आहे. त्यांनी परत केला की—”

“माघारी.”

“माघारी केला की बघते. पण त्यांनीही पुन्हा मागितला तर त्यांनाच जाईल.”

“ते एकटे आहेत की दोघं आहेत?”

“ते आमच्याकडे लिहिलेलं नसतं, सर,” मुलगी जरा हळू आवाजात म्हणाली.

फोन ठेवल्यावर अनुस्वारांनी दुसरे उपाय करून पाहिले. बायको बाजारातून आली, तेव्हा ते मुद्दाम दारात उभे राहिले आणि म्हणाले, “आज चांगली भाजी भेटली का?” हे वाक्य त्यांनी सकाळपासून तयार करून ठेवलं होतं. बायकोने पिशवी खाली ठेवली आणि त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला.

“बरं वाटत नाही का?” ती म्हणाली. अनुस्वार बरं वाटतंय म्हणाले आणि आत जाऊन बसले.

त्यानंतर एका दुपारी ती शिलाई मशीनवर बसली होती. राखाडी रंगाचा लांबच्या लांब पडदा होता. त्याची एक कड सुईखाली आणि बाकीचा सगळा जमिनीवर. अनुस्वार खुर्चीवर वर्तमानपत्र घेऊन बसले होते. त्या वर्तमानपत्रात पहिल्याच पानावर एक घोडचूक होती आणि ती त्यांना दिसत नव्हती, यावरून काय ते समजावं.

“अगं,” ते म्हणाले, “माझी चूक झाली.”

मशीन थांबलं. हे वाक्य या घरात नवीन होतं.

“कसली?”

अनुस्वारांनी सगळं सांगितलं. कंपनीचा अर्थ, आपला अर्थ, फोनवरची मुलगी, भिंतीवरची चिठ्ठी. बायको पडद्यावर हात ठेवून ऐकत होती.

“म्हणजे एवढे महिने तुम्ही ‘माघारी’ म्हणून खूण करत होता,” ती म्हणाली.

“हो.”

“मला वाटलं, तुम्ही पुन्हा मागताय.” ती पडद्याची कड बोटांनी सपाट करायला लागली. “पाकीट बंद करताना मी दर वेळी बघायची. बघायची, आज काय केलंय. तर परतवर खूण. म्हटलं, तोंडाने सांगत नाहीत, पण यांना पुन्हा हवंय. पेटीत टाकायला जाताना एवढं बरं वाटायचं मला. मग त्या दिवशी बघितलं तर तुम्ही लाल पेनाने ते खोडलेलं. आदल्या दिवशीच ते कपाट आपण उतरवलेलं. मला वाटलं, झालं. कंटाळले माझ्याबरोबर खेळून.”

अनुस्वारांना आता खोटं बोलता आलं असतं. एवढी वर्षं शुद्ध थापा वाचल्या होत्या, एखादी सहज जमली असती. पण ते तसे माणूस नव्हते.

“ती खूण मी त्या अर्थाने केली नव्हती,” ते म्हणाले.

“ते कळलं ना आता.”

“पण तो गेम आला की मला फार बरं वाटायचं. दर वेळी.” त्यांनी वर्तमानपत्र मांडीवर ठेवलं. “मला गेमचं काही नाही. मला तू बोललेलं ऐकायचं असतं.”

बायकोने मान वर केली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. एखाद्याच्या खिडकीचं माप सांगावं तशी ती म्हणाली, “तुम्हाला ऐकायचं नसतं. तुम्हाला तपासायचं असतं.”

अनुस्वारांनी ते वाक्य मनात पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. त्यात एकही चूक नव्हती. त्यांनी वर्तमानपत्राची घडी केली, ती पुन्हा उलगडली आणि मग पेपर खुर्चीखाली ठेवून दिला. बायकोचं म्हणणं त्यांना लागलं होतं आणि ते लपवायला आता हातात काही नव्हतं.

“नाही तपासणार,” ते म्हणाले.

“नाही जमणार तुम्हाला.”

“सांगून तर बघ.”

बायकोने मशीनच्या चाकावर हात ठेवला. थोडं फिरवलं. सुई खाली गेली आणि वर आली. आता ती पुन्हा शिवायला लागणार असं अनुस्वारांना वाटलं, आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. पण ती चाक सोडून त्यांच्याकडे वळून बसली.

“हा पडदा आहे ना,” ती म्हणाली, “हा त्या नवीन गिऱ्हाइकाचा. एकटाच माणूस आहे. मी माप घ्यायला गेली तर मला आतल्या खोलीत घेऊन गेला आणि बोलला, इथे लावायचा आहे.”

ती थांबली. तिने नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. अनुस्वार गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते. ‘गेले’ आणि ‘म्हणाला’ त्यांच्या घशापर्यंत आले होते. त्यांनी ते गिळले.

“मी बघते तर तिथे खिडकीच नाही,” बायको पुढे म्हणाली. “नुसती भिंत. मला वाटलं आपलीच काहीतरी गफलत होतेय. मी त्याला बोलली, अहो, इथे खिडकी कुठे भेटणार मला, माप कशाचं घेऊ? तर तो माणूस त्या भिंतीकडे बघून एवढा वेळ उभा. आणि मग मला बोलला—”

तिथे ती पुन्हा थांबली, आणि या वेळी बराच वेळ थांबली.

“मग?” अनुस्वार म्हणाले.